यॉन्सचा होकार

माझ्या भावाला, यॉन्सला, इतिहास विचारू नका. चुकूनसुद्धा नको. १६४५ सालच्या तहात राजाने आमचं येम्टलांड नॉर्वेकडून काढून स्वीडनच्या पदरात कसं टाकलं, हे सांगायला बसला की कॉफीची किटली संपते, याचं तोंड संपत नाही. "आपण ना त्यांचे, ना यांचे. आपण या डोंगरांचे!" टेबलावर मूठ आपटून दर वेळी हेच. "आणि आपल्याला कुणी विचारलं? एका शब्दाने तरी?" जणू तह काल दुपारी झाला आणि याची झोपमोड झाली.

आता याच माणसाला काही सरळ विचारा. साखर घालू का? लाकडं फोडलीस का? ओठांचा चंबू करून श्वास आत ओढतो, गरम कॉफी फुरकल्यासारखा. श्शुप. झालं उत्तर. आमच्याकडे हा होकारच आहे, सगळे करतात, मीही करते. पण बाकीची माणसं अधूनमधून "हो"सुद्धा म्हणतात. हा शहाणा नाही म्हणत.

उन्हाळ्यात तूरा आली, यॉन्सची मुलगी. पार दक्षिणेला माल्मोत आईजवळ वाढलेली. तिची आई बिर्गिट आमच्याकडे जेमतेम एक हिवाळा राहिली आणि दिवस गेलेले असताना निघून गेली. का गेली, ते यॉन्सने कधी सांगितलं नाही आणि मी विचारून विचारून थकले. मागच्या वर्षी ती वारली. पोरगी आठ दिवसांसाठी म्हणून बापाकडे आली ती शेळ्यांत रमली. डोंगरावरच्या आमच्या उन्हाळी गोठ्यात धारा काढायला शिकली, फाटलेल्या दुधाची निवळी आटवून तपकिरी चीज करायला शिकली. एकदा मला हळूच म्हणाली, "आत्या, इथे सगळ्यांनाच दमा आहे का गं? बोलता बोलता श्वास अडकतो सगळ्यांचा." मी पोट धरून हसले आणि तिथेच सोडून दिलं. तेव्हाच समजावायला काय झालं होतं मला!

यॉन्सचे गुडघे गेलेत, त्याला डोंगर चढवत नाही. शनिवारी हाल्स्टेन नावाचं गिऱ्हाईक नॉर्वेतून येऊन अख्खा कळप नेणार होतं. आजोबांच्या आजोबांपासूनचा गोठा बंद पडणार होता. म्हणून तूरा म्हणाली, "आज बाबांना विचारते, मीच राहू का, शेळ्या मी सांभाळू का," तेव्हा मी तिची पापीच घेतली.

दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन गेले, तर यॉन्स अंगणात विळ्याला धार लावत बसलेला. तूराची खोली रिकामी, बॅग गायब.

"पोरगी कुठे?"

"स्टेशनवर. जाते म्हणाली."

"का?"

"मला काय ठाऊक!"

"तिने तुला विचारलं ना, राहू का म्हणून?"

श्शुप.

"मग तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

"कसं म्हणालास? करून दाखव."

मला वेड लागलंय अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. "म्हणालो की. श्शुप."

देवा रे! हातातली भाकरी मी त्याच्या अंगावर फेकली. "अरे गाढवा, माल्मोची पोर ती! तिला वाटलं असेल, ऐकून बापाचा श्वासच अडकला!"

"एकदा हो म्हटलं ना मी. आता काय चर्चची घंटा बडवू?"

"बस गाडीत."

रस्ताभर मी बोलत होते आणि तो खिडकीतून डोंगर बघत होता. जरा वेळाने घसा खाकरून म्हणाला, "आपल्या लोकांना त्या तहापासून..."

"यॉन्स! तह काढलास तर इथेच उतरवीन. साडेतीनशे वर्षं रडतोस, कुणी विचारलं नाही म्हणून. आता पोटच्या पोरीने विचारलं, तर तुझ्या तोंडून एक शब्द फुटेना?"

तूरा फलाटावर बाकावर बसली होती, डोळे सुजलेले. गाडी यायची होती. मी यॉन्सला मागून ढकललं. "बोल."

तो टोपी काढून उभा. तूराच म्हणाली, "बाबा, राहू दे. तुमचं मन नाही, कळलं मला. मी फक्त विचारलं होतं, राहू का."

आणि या दगडाने काय करावं? श्शुप!

"बघ आत्या! हेच!" तूरा ताडकन उठली.

"अगं, हा होकार आहे!" मी ओरडलेच. "आमच्याकडे असंच म्हणतात हो! दमा नाही गं बाई, होकार!"

तूरा आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे बघत राहिली. मग परत बाकावर बसली. "आई सांगायची," ती हळू आवाजात म्हणाली, "याच फलाटावर तिने शेवटचं विचारलं होतं, मी थांबू का? आणि तुम्ही सुटकेचा श्वास टाकलात. ती म्हणायची, मी जाते म्हणून त्याला इतकं हलकं वाटलं, की मला ते ऐकू आलं. मरेपर्यंत सांगायची."

मी तिच्या शेजारी टेकले.

यॉन्सच्या हातातली टोपी खाली पडली. "टाकला नव्हता," तो म्हणाला. "आत घेतला होता." ओठ हलले, छाती भरली, आणि मला वाटलं, झालं, आता परत तेच. पण नाही. "हो," तो म्हणाला. आवाज फाटलेला, गंजलेल्या बिजागरीसारखा. मग मोठ्याने, इतक्या मोठ्याने की पलीकडच्या बाकावरची माणसं वळली, "हो! थांब! हो म्हणालो होतो मी!"

गाडी आली, दारं उघडली, मिटली, गाडी गेली. तूरा बाकावरच होती, बापाचा हात धरून.

ते "थांब" त्याने कुणाला म्हटलं, तूराला की बिर्गिटला, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मेल्याने श्शुप केलं असतं.