खांबाच्या हातभर डावीकडे

पोर्टकेलन रोव्हर्स या आमच्या बंद पडलेल्या फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण गावात चटकन नाही म्हणता न येणारी मीच एक. शनिवारी गावच्या हॉलमध्ये फलक लागणार होता. बाळ झोपलं की मी चार ओळी लिहायची, ते जागं झालं की अर्ध्या वाक्यात उठायची. अशी चौऱ्याहत्तर वर्षं तीन आठवड्यांत लिहून होत आली. मध्यंतरात गोलकीपरच्या आईने पातेलंभर आणलेलं बार्लीचं सूप, बोटी समुद्रात अडकल्या म्हणून सात जणांनी खेळलेला सामना, सगळं आलं. राहिला फक्त शेवटचा सामना.

त्यासाठी मी मर्डो आजोबांकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे गेले. शहरातल्या मैदानावर झालेल्या त्या सामन्यातली पेनल्टी त्यांनी मारली होती. ती बाहेर गेली, क्लब लीगमधून बाहेर पडला आणि त्याच उन्हाळ्यात बंद झाला.

"सगळं लिही," बाळाला मांडीवर घेत आजोबा म्हणाले. "माझं नाव तेवढं नको. 'एका खेळाडूने' असं लिही."

"आजोबा, अख्ख्या गावाला माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं, भिंतीवर लागणं वेगळं. ही उद्या वाचायला लागेल."

शेगडीजवळ वॉटी बसला होता. रोव्हर्सचा शेवटचा गोलकीपर. रोज चहाला येतो आणि रोज टोमणा मारून जातो.

"'एका गाढवाने' लिही गं पोरी," तो म्हणाला. "म्हणजे कुणालाच शंका नको."

आजोबा हसले नाहीत. पन्नास वर्षं ते मैदानाच्या वाटेने गेलेले नाहीत. पावाच्या दुकानात जायचं तरी चर्चला वळसा घालून जातात.

दुसऱ्या दिवशी बाळाला आजोबांकडे ठेवून मी कपडे वाळत घालायला मैदानावर गेले. समुद्राच्या बाजूच्या त्या जुन्या गोलखांबांपासून पुढे आता आम्हा बायकांच्या दोऱ्या असतात. माझी पाच वर्षांची ईला गोलात बॉल मारत होती. प्रत्येक वेळी बॉल वाऱ्याने उजवीकडे बाहेर जात होता आणि ती रडकुंडीला आली होती.

"सरळ कशाला मारतेस?" कुंपणाबाहेरून आवाज आला. आजोबा! मागे वॉटी, बाळाची गाडी ढकलत. बाळ रडायचं थांबेना म्हणून दोघे मला शोधत निघाले होते.

"डाव्या खांबाकडे बघ. त्याच्याही बाहेर, हातभर डावीकडे मार. वारा आणून देईल आत."

ईलाने मारला. बॉल बाहेर निघाला, हवेत वळला आणि आत गेला. ती किंचाळली. आजोबा कुंपणाचं फाटक उघडून कधी आत आले, ते त्यांनाही कळलं नसावं.

मी हातातला ओला टॉवेल तसाच धरून विचारलं, "आजोबा, त्या दिवशी शहरातल्या मैदानावर वारा होता?"

आजोबांनी मान हलवली.

"चारी बाजूंनी उंच भिंती. मेणबत्ती लावली असती तर विझली नसती." मग हळूच म्हणाले, "डोक्याला कळत होतं गं. पाय इथले होते."

"मग दोष तुमचाच का? बाकीच्यांनी कुठे मारली असती?"

"तिथेच," वॉटी म्हणाला. "अकराच्या अकरा जणांनी. आम्ही सगळे इथेच शिकलो ना."

आजोबा गर्रकन वळले. "मग पन्नास वर्षं काय बोंबलतोयस माझ्या नावाने?"

"तू मारलीस म्हणून मला मारावी लागली नाही," वॉटी गाडीकडे बघत म्हणाला. "त्या वेळी मी पाठ करून उभा होतो. बघायची हिंमत नव्हती, मर्डो."

आजोबा पुढे आले. मग गाडीची दांडी त्याच्या हातातून काढून घेतली.

"सरक. तुला बाळसुद्धा नीट झुलवता येत नाही." आणि मला म्हणाले, "पेन आहे?"

चिमट्यांच्या पिशवीत रंगीत खडू होता, ईलाचा. चिमट्यांच्या पुठ्ठ्यामागे मी त्या खडूने आजोबा सांगतील ते लिहून घेतलं. शनिवारी फलकावर तेच लागलं, शेवटची ओळ म्हणून: 'मर्डो गिल्कीने पेनल्टी पोर्टकेलनसारखी मारली, मैदान दुसऱ्यांचं होतं.'

त्याखाली, आजोबांच्या हट्टापायी, बारीक अक्षरात: 'वॉटी पाठ करून उभा होता.'