रेघेखाली

मुलांनो, घटकाभर अशी कल्पना करा, की तुमची पाठ एका पांढऱ्या भिंतीला टेकली आहे. टाचाही भिंतीला चिकटलेल्या. डोक्यामागं कुठंतरी एक लाल रेघ ओढलेली आहे, पण ती तुम्हाला दिसत नाही. स्वतःच्या डोक्यामागचं कुणाला दिसतं? समोर तिकिटाच्या रांगेतली माणसं तुमच्याकडं बघताहेत. आणि तुमचा बाप ओठ न हलवता म्हणतो आहे, “दब. जरा दब.”

मंजुळा दबली. शाळेच्या निळ्या स्कर्टखाली तिचे गुडघे पुढं आले. घरात धड कपडा तोच होता, म्हणून सहलीलाही तो.

फाटकावरच्या म्हाताऱ्या आप्पांनी लाकडी पट्टी तिच्या डोक्यावर आडवी धरली. रेघेखालच्या लेकरांना फुकट सोडायचं आणि रेघेवर गेलेल्यांनी तिकीट काढायचं, असा तिथला नियम होता. आप्पांनी आधी पट्टी बघितली, मग गुडघे.

“बाकी सगळं ठीक हाय, पर हे गुडघे कुणाच्या पाया पडायला निघालेत?”

रांगेत खसखस पिकली. मंजुळाचा बाप उत्तरेश्वर, तोही हसला.

“गुडघ्याचं दुखणं हाय, आप्पा. आमच्या घराण्यातच हाय.”

“असू द्या, असू द्या.” आप्पांनी खिडकीकडं तोंड करून हाळी दिली, “रेघेखाली! लेकरू हाय, सोडा!”

मंजुळा आत पळाली. तिची आई जानकीबाई मागून पिशवी सावरत आली. पहाटे आईनं मंजुळाला तेल लावून न्हाऊ घातलं होतं, धपाटे केले होते आणि पिशवीत काहीतरी कपड्यात गुंडाळून ठेवलं होतं. एवढे लाड दिवाळीलाही होत नसत. चौसाळ्याहून एस्टीनं येताना मंजुळानं खिडकी सोडली नव्हती.

फाटकाच्या आतलं घर एका साखर कारखान्याच्या संस्थापकांचं. ते वारल्यावर कारखान्यानं घराचं संग्रहालय केलं आणि भोवती बाग फुलवली. कुंपणाबाहेर सोयाबीन वीतभर वाढून वाळलं होतं. मंजुळाच्या गावात दसऱ्याआधीच टँकर सुरू झाला होता. इथं मात्र हिरवळीवर नळीतून पाणी उडत होतं, तेही कुणी हंडा न लावता. मंजुळानं त्या फवाऱ्याखाली ओंजळ धरली. भरलेल्या ओंजळीचं काय करावं ते तिला कळेना. सांडायला जीव होईना, म्हणून ती पिऊन टाकली.

घरात संस्थापकांचा पलंग होता, चष्मा होता, पहिल्या गाळपाची साखर बरणीत ठेवलेली होती. शेवटच्या खोलीत काचेमागं माणसाएवढे दोन पुतळे होते. पुरुषाच्या हातात कोयता, बाई उसाची मोळी बांधते आहे.

“काय गं,” उत्तरेश्वर बायकोला म्हणाला, “हिच्या तर सगळ्या बांगड्या शाबूत हायेत.”

“एक मोळी बांधायला हिला चार साल लागत्याल,” जानकीबाई म्हणाली. “मुकादम कधीच हाकलून देईल.”

दोघं हसली. मंजुळानं काचेला नाक लावलं. पुतळ्यातल्या बाईचे डोळे बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आले.

“आये, ही माझ्याएवढीच हाय बघ.”

आईचं हसू तिथंच थांबलं. “चल,” ती म्हणाली. “तोंड धू.”

बायकांच्या मोरीमागं आडोसा होता. आईनं पिशवीतलं कपड्याचं गाठोडं सोडलं. आत तिची लग्नातली हिरवी साडी होती.

“आये, हे कावून?”

“नीट उभी ऱ्हा.” आई निऱ्या घालत होती. तिनं मंजुळाच्या दोन वेण्या सोडून अंबाडा बांधला. स्वतःच्या उंच टाचेच्या चपला काढून तिच्या पुढं सरकवल्या आणि स्वतः अनवाणी राहिली.

“कुणी येनार हाय?”

आईच्या दातांत पिना होत्या.

मंजुळाला हळूहळू उमगायला लागलं. गेल्या साली गावात एका शाळकरी पोरीच्या लग्नाला अक्षता वाटून झाल्या आणि पोलिसांची जीप आली होती. कुणीतरी फोन केला होता. तेव्हापासून असल्या गोष्टी गावात कुणी उघड करत नव्हतं. सहलीच्या गर्दीत कोण कुणाला बघतं आहे, ते कुणाला कळणार?

“आये, म्या तुमच्यासंगं येते की फडावर. सैपाक करीन.”

आईनं शेवटची पिन लावली. आजवर दिवाळीपासून होळीपर्यंत आईबाप ऊसतोडीला गेले, की मंजुळा आजीपाशी राहायची. ती आजी, सारजाबाई, उन्हाळ्यात वारली.

“फडावर पाचटाची कोपी, तिला दार नसतं, मंजे,” आई म्हणाली. “तू आता ल्हान न्हाईस. दिवसभर आमी उसात. तुला कुणाच्या वसरीवर टाकू?”

तिनं मंजुळाचा पदर दोनदा सारखा केला. दुसऱ्यांदा त्याची काही गरज नव्हती.

सुंदरबाई आणि तिचा मुलगा शहादेव चिंचेखाली बसले होते. ते सिरसाळ्याकडचे. शहादेवला मिसरूड फुटलं होतं, आणि तो गवताच्या काड्या एकावर एक रचत होता. त्यानं मान वर केली नाही. सुंदरबाई एका हातानं कंबर दाबून बसली होती.

“पानी कुठनं आनती गं?” तिनं विचारलं.

“टँकरवरनं.”

“हंडे किती?”

“एक डोक्यावर, एक कमरंवर.”

“भाकर?”

“येती.”

“तुजी येती, का आईची दाखवनार?”

“माजीच. जराशी करपती.”

सुंदरबाई हसली. “माज्या पोराला करपलेलीच म्हाईत हाय.”

मुलांनो, तुम्ही कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार समजत असाल. फडावर त्याचा आणखी एक अर्थ असतो. तिथं दोन माणसांच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून डोक्यावरून गाडीत टाकायची. एकट्या माणसाला टोळीत जागा नाही, तो अर्धाच. सुंदरबाई विधवा. इतकी वर्षं मायलेकांचा मिळून एक कोयता होता, आणि यंदा तिची कंबर गेली होती.

“सोमवारी टोळी न्यायला ट्रॅक्टर येतोय,” ती उत्तरेश्वरला म्हणाली. “त्याच्या आधी देवापुढं दोघांला उभं करू. वाजंत्री नको, काय नको. तुमी तुमच्या टोळीत, पोरगी आमच्यासंगं. म्या तिला कोपीत एकटी सोडनार न्हाई, हे माजं वचन.” मग तिनं मंजुळाकडं जरा निरखून बघितलं. “वय काय म्हनला हिचं?”

“अठरा सरलं,” उत्तरेश्वर म्हणाला.

“दिसत न्हाई.”

“अंगाची चनच तशी हाय.”

मंजुळानं बापाकडं बघितलं. सकाळी यानंच तिला खाली दाबलं होतं, आणि आता ओढून वर नेलं होतं. मधे एक धपाटं खाण्याएवढासुद्धा वेळ गेला नव्हता. पिशवीतले धपाटे अजून तसेच होते. बाप तिच्याकडं बघत नव्हता. तो जमिनीवरचं गवत उपटत होता आणि उपटलेलं पुन्हा मातीत खोचत होता.

“माजी बी चन अशीच व्हती,” सुंदरबाई हळूच म्हणाली. “माज्या बापानं बी असंच सांगितलं व्हतं.” शहादेवच्या हातातल्या काड्या पडल्या. मग सुंदरबाईनं कनवटीची पुडी काढली. “काय करावं, बाई. हात फुडं कर.”

चिमूटभर साखर मंजुळाच्या तळहातावर पडली. ती तोंडात टाकली, की ठरलं. जानकीबाईनं पदर डोळ्यांशी नेला आणि धूळ गेल्यासारखा डोळा चोळला.

मंजुळानं मूठ मिटली. ती उठली आणि चालायला लागली.

“कुठं निगाली गं?” बाप म्हणाला.

उंच चपलांनी पाय मुरगळत होते, म्हणून ती सावकाश चालली. मागून आधी आई उठली, मग बाप, मग कंबर धरत सुंदरबाई, आणि सगळ्यांच्या मागं शहादेव. फाटकाशी एका शाळेची सहल उतरली होती. पोरं रांगेत ढकलाढकली करत होती. आप्पा पट्टी घेऊन एकेकाला भिंतीशी उभं करत होते.

मंजुळा रांगेपुढं जाऊन उभी राहिली.

“आप्पा, मला मोजा.”

आप्पांनी हिरवी साडी बघितली, अंबाडा बघितला. चेहरा ओळखायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी तिच्या मागं थबकलेल्या चौघांकडं बघितलं आणि त्यांचा पट्टीचा हात खाली आला.

“बाई, तुला तर सकाळीच मोजलं की.”

“पुन्ना मोजा. आन् सकाळसारखं मोठ्यानं सांगा.”

रांगेतली पोरं ढकलाढकली सोडून बघायला लागली. उत्तरेश्वर एक पाऊल पुढं आला आणि तिथंच उभा राहिला. शहादेव आता पहिल्यांदाच तिच्याकडं बघत होता.

मंजुळानं आईच्या चपला काढून बाजूला जोडीनं ठेवल्या. भिंतीला पाठ टेकली, टाचा चिकटवल्या. साखरेची मूठ घट्ट धरली, हनुवटी सरळ ठेवली. आप्पांनी पट्टी उचलली, तेव्हा तिनं आईच्या लग्नातल्या साडीच्या आत, कुणाला दिसणार नाही असे, गुडघे दबवले.