घरात आणखी कुणाला खोकला

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला, तसं त्याने शर्टाचं वरचं बटण लावून टाकलं.

क्षयाची औषधं याआधी कुठे घेतलीत, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला, बाहेरगावी. कुठल्या दवाखान्यात, असं त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मात्र त्याने मागे वळून पाहिलं. दाराबाहेर रांग होती.

"तुरुंगात," तो पुटपुटला.

बाईंनी मान वर केली नाही. मध्येच का सोडलीत, एवढंच विचारलं. सुटताना कपडे मिळाले, चपला मिळाल्या. गोळ्यांचं नाव कुणी काढलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. दार उघडं असताना मागे कोण वळतो? पुढे खोकला वाढला, तेव्हा तो या दवाखान्याच्या पायरीवरून परत गेला होता. आधीचं विचारतील, मग सगळंच उघडं पडेल. त्यापेक्षा दुखणं अंगावर काढलेलं बरं. आज वहिनीने त्याला ओढतच आणलं. तो सुटून घरी आला त्या दिवशी सख्खा भाऊ उंबऱ्यात घुटमळला होता, तेव्हाही हिनेच त्याला आत घेतलं होतं.

"घरात आणखी कुणाला खोकला?"

"नाही."

उत्तर इतकं झटकन आलं की तो स्वतःच चपापला.

औषधं पुन्हा पहिल्यापासून, बाईंनी बजावलं. या खेपेला सोडलीत तर पुढे दुखणं औषधांनाही जुमानणार नाही. मान डोलवत तो बाहेर आला.

वहिनी बाकावर पदराने तोंड दाबून खोकत होती. पंधरवडाभर ती अशीच खोकत होती, आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेत होता.

"साधंच निघालं ना, भावोजी?" ती हसली. "उगाच जिवाला घोर."

त्याला बसवेना.

"वहिनी, जरा आत चला."

"मी कशाला?"

तो आधीच वळला होता.

"बाई, मघाशी खोटं बोललो," दारातूनच तो म्हणाला. रांग ऐकत होती. "तुरुंगातला क्षय मी घरी आणलाय. वहिनीही खोकतात."

मागे वहिनी येऊन उभी राहिली होती. वळून पाहायची हिंमत झाली नाही.

बाईंनी तिला तपासलं, फोटो काढून यायला सांगितलं. ती बाहेर आली. तो भिंतीला टेकून उभाच होता. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली,

"पुढे व्हा. फोटोची खोली मला कुठे माहीत आहे?"