दोन सेकंदांचा पंखा

बटण दाबलं की पंखा फिरायचा. एक, दोन, बंद. परत दाबलं की परत एक, दोन, बंद. रविवारी सकाळी चहा झाल्यापासून मेकॅनिकबाई हेच करत बसल्या होत्या, आणि समोरचा काळा डबा मख्खासारखा त्यांच्याकडे बघत होता.

जेवणाचं टेबल पाच दिवसांपासून त्यांच्या ताब्यात होतं. घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. टेबलावर स्क्रू, वायरी, रिकामी खोकी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा पसारा होता, आणि "कुणी काही हलवायचं नाही" असा हुकूम होता.

बाई कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनच्या मेकॅनिक होत्या. बावीस वर्षं. एकशे चाळीस मशीन त्यांच्या हाताखालून जायच्या, आणि कुठली मशीन कशानं कुरकुरते ते त्यांना पाठमोरं उभं राहूनही कळायचं. दोन महिन्यांपूर्वी कारखान्यात भरतकामाची नवी मशीन आली. ती कंप्युटरवर काढलेलं डिझाइन बघून शिवायची. मॅनेजर म्हणाले होते, "डिझाइनसाठी बाहेरून शिकलेला माणूस आणू. तुम्हाला या वयात कशाला त्रास?" घरी येऊन बाईंनी कंप्युटर घ्यायचं ठरवलं, आणि पार्टच्या दुकानातल्या माणसानं "जोडायला मिस्टर येतील ना?" असं विचारल्यावर तो स्वतःच जोडायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी तर पंखासुद्धा फिरला नव्हता. दोन तास बाईंनी वायरी उपसल्या आणि परत खुपसल्या. शेवटी हॉस्टेलवरच्या लेकीला फोनवर सगळा डबा फिरवून दाखवला.

"आई, मागे बघ. वायर लावतेस ना, तिथेच एक छोटं बटण आहे. ते चालू केलंस का?"

बाईंनी बघितलं. बटण बंद होतं.

"केलं होतं," बाई म्हणाल्या. "परत बंद झालं असेल."

लेक हसली नाही, पण न हसण्याचा आवाज फोनवर ऐकू आला.

तेव्हापासून हे दोन सेकंदांचं दुखणं सुरू झालं होतं. आणि घरात प्रत्येकाकडे त्यावर औषध होतं.

बाईंचे यजमान मोटार शिकवायचे. शिकाऊ माणसाशेजारी बसून आयुष्य गेल्यामुळे ते तोंडानं काही बोलायचे नाहीत, पण समोरच्याचं चुकतंय असं वाटलं की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर ब्रेक दाबायचा. बाईंनी वायर हातात घेतली की पाय दाबला जायचा. स्क्रू उचलला की पाय दाबला जायचा.

"अहो, तो पाय आवरा आधी."

"मी कुठे काय म्हणालो?"

"पाय म्हणतोय ना!"

सासऱ्यांचं औषध वेगळं होतं. ते जमिनीच्या नोंदींच्या कचेरीतून निवृत्त झालेले. कुठलाही कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कंप्युटरच्या मुख्य बोर्डाबरोबर एक पुस्तिका आली होती, अकरा भाषांत. त्यातल्या त्यात इंग्रजी जवळची, म्हणून ते जाडजूड शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक वाक्य मराठीत आणत आणि मोठ्यांदा वाचत.

"'बोर्ड उन्हात ठेवू नये.'"

"नाही ठेवला, बाबा."

"'बोर्ड पाण्यात बुडवू नये.'"

"नाही बुडवला!"

सोमवारी बाईंनी अर्धी रजा टाकली. बोर्ड डब्यातून काढला, टॉवेलात गुंडाळला आणि दुकान गाठलं. दुकानदारानं तो पुठ्ठ्यावर ठेवला, वीज जोडली, पेचकसाचं टोक दोन पिनांना टेकवलं आणि पंखा जो सुरू झाला तो थांबेचना. पडद्यावर पांढरी अक्षरंही आली.

"याला काय झालंय? एकदम ठणठणीत आहे," दुकानदार म्हणाला.

"घरी दोन सेकंदांत बंद पडतो."

"इथे तर चालतोय."

"इथे चालतोय ते मलाही दिसतंय. घरी का चालत नाही?"

"घरची वीज तपासून घ्या, मॅडम."

घरी येऊन बाईंनी बोर्ड परत डब्यात बसवला, नीट, स्क्रू एकेक करून. बटण दाबलं. एक, दोन, बंद.

मंगळवारी त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानं सगळे प्लग तपासले, मीटरच्या पेटीत डोकं घातलं आणि वीज उत्तम असल्याचं सांगितलं. जाता जाता न्हाणीघरातला लुकलुकणारा दिवा घट्ट बसवून दिला. घरादाराला त्याचंच मोठं कौतुक वाटलं. "बरं झालं बोलावलंस," यजमान म्हणाले, आणि बाईंनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते उठून गाडी पुसायला गेले.

बुधवारी परत दुकान. परत पुठ्ठा, परत पेचकस, परत पंखा भिरभिर. आता दुकानदाराच्या चेहऱ्यावर दया दिसू लागली होती, आणि बाईंना ती अजिबात सहन होत नव्हती.

"डब्यातच काही असेल का?" त्यांनी विचारलं.

"कॅबिनेट? अहो, ते नुसतं पत्र्याचं खोकं. त्यात काय बिघडणार? बाहेरचं कुणी जोडून देत असेल तर बघा ना. आमचा माणूस पाठवू?"

"नको," बाई म्हणाल्या.

गुरुवारी संध्याकाळी बाईंचा धीर सुटला. कारखान्यात नव्या मुलींना त्या नेहमी बजावायच्या, की एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं सुधारलं आणि कशानं बिघडलं ते कळत नाही. त्या संध्याकाळी त्यांनी एका दमात मेमरीच्या पट्ट्या बदलल्या, चार वायरी इकडच्या तिकडे केल्या, बटणाच्या पिना उलट लावून बघितल्या आणि डब्याच्या बाजूला दोन चापट्याही मारल्या. यजमानांचा पाय शेवटी इतका दाबला गेला की चप्पलच निसटली. आणि नेमक्या त्याच वेळी सासरे शब्दकोशातून मान वर काढून म्हणाले,

"हे ऐक गं. 'ज्या जागी भोक नाही, तिथले तिढे काढून टाकावेत.'"

"काय?"

"तिढे. असंच लिहिलंय. 'ज्या जागी भोक नाही, तिथले तिढे—'"

"बाबा, पुरे!" बाई कडाडल्या. "नऊ दिवस मी इथे मरमर मरतेय आणि तुम्हाला तिढे सुचतायत! ते पुस्तक मिटा. मला एक अक्षर ऐकायचं नाही. पाण्यात बुडवू नये म्हणे! आता खरंच बुडवते, मग बसा वाचत!"

सासऱ्यांनी पुस्तिकेत खूण म्हणून बसचं तिकीट ठेवलं, ती मिटली, शब्दकोशावर ठेवली आणि दोन्ही उचलून आपल्या खोलीत गेले. दार आपटलं असतं तरी बरं वाटलं असतं. त्यांनी ते हळूच लोटलं.

"एवढं बोलायला नको होतं," यजमान म्हणाले.

"कळतंय मला."

रात्री सासऱ्यांनी ताट खोलीतच मागवलं. बाईंनीही आपलं ताट अर्ध्यातच उचललं.

शुक्रवारी कारखान्यात तिसऱ्या रांगेतली एक शिवणारीण तक्रार घेऊन आली. तिची मशीन सकाळी दुरुस्तीच्या बाकावर दहा मिनिटं लोण्यासारखी चालली होती, आणि जागेवर नेऊन बसवली की चार टाके घालून अडकत होती. "बाई, बाकावर चालते, माझ्याकडे आली की रुसते. माझ्यावरच राग आहे का हो तिचा?"

"मशीनला काही झालेलं नाही," बाई सवयीनं म्हणाल्या. "स्टँड बघ. खाली काहीतरी लागत असेल." असं म्हणत त्या वाकल्या, मशीनखाली हात घातला आणि टेबलाच्या पत्र्याची वर आलेली कड बोटानं चाचपली. हा दोष त्यांनी बावीस वर्षांत शंभरदा काढला असेल. त्यांनी कड ठोकून सपाट केली. मशीन चालू लागली.

आणि बाई तिथेच उकिडव्या बसून राहिल्या.

पुठ्ठ्यावर चालतो. डब्यात बंद पडतो. पुठ्ठ्यावर चालतो. डब्यात बंद पडतो. म्हणजे बोर्डाला काही झालेलं नाही! हे कुणी शिकाऊ पोरीनं विचारलं असतं, तर बाईंनी काम करता करता उत्तर दिलं असतं. स्वतःच्या घरात मात्र त्या चार दिवस दुकानदाराचं ऐकत बसल्या होत्या, कारण कंप्युटर म्हणजे काहीतरी वेगळं, आपल्या अकलेबाहेरचं, असं कुठेतरी त्यांनीही धरून ठेवलं होतं. त्यांना स्वतःचा इतका राग आला की शिवणारीण घाबरून म्हणाली, "काय झालं, बाई? मी काही केलं नाही हं."

घरी पोचताच पर्स खांद्यावर असतानाच त्यांनी बोर्ड बाहेर काढला आणि रिकाम्या डब्यात विजेरी मारली. तळाच्या पत्र्यावर बोटाच्या पेराहून लहान अशा पितळी खुंट्या होत्या. त्यांच्यावर बोर्ड टेकायचा आणि वरून स्क्रू लागायचे. बाईंनी खुंट्या मोजल्या. दहा. बोर्डाची भोकं मोजली. नऊ.

दहावी खुंटी डबा बनवणाऱ्यांकडूनच बसवून आलेली होती. तिच्यावर भोक येत नव्हतं. ती सरळ बोर्डाच्या पाठीला टेकत होती, जिथे सगळे डाग दिलेले सांधे उघडे असतात तिथे. बोर्ड उलटा करून बघितला तर त्या जागी बारीकसा ओरखडाही होता. वीज आली की तिथून पत्र्यात उतरत असणार, आणि काही जळू नये म्हणून सगळं यंत्र आपणहून बंद पडत असणार.

भोक नाही तिथली खुंटी. बाई खुर्चीत बसल्या. मग उठल्या, ती खुंटी पकडीनं फिरवून काढली आणि मुठीत घेऊन सासऱ्यांच्या दारावर टकटक केली.

सासरे खिडकीपाशी पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बाबा, ते कालचं वाक्य परत वाचाल का?"

"कशाला? तुला ऐकायचं नाही ना."

"चुकलं माझं. बोलायला नको ते बोलले. वाचा ना."

सासऱ्यांनी पेपरची घडी घातली, बाईंना कळेल इतकी सावकाश. मग पुस्तिका काढली, बसचं तिकीट बाजूला केलं आणि चष्मा सारखा करत वाचलं. तोच शब्द त्यांनी शब्दकोशातही दाखवला. स्टँडऑफ. पुढे अर्थ दिला होता, तिढा, पेच, दोन पक्षांत समेट न होण्याची स्थिती.

"मलाही ते विचित्रच वाटलं होतं," सासरे म्हणाले. "पण शब्दकोशात जे आहे तेच मी वाचणार ना? मनाचं कसं घालू?"

बाईंनी मुठीतली खुंटी त्यांच्या तळहातावर ठेवली. "त्यांच्या लेखी स्टँडऑफ म्हणजे ही खुंटी. हा तुमचा तिढा."

सासऱ्यांनी तो उलटासुलटा करून बघितला. "एवढासा?" ते म्हणाले, आणि दोघांनाही हसू आवरेना. यजमान बाहेरून धावत आले, आणि कुणीच काही सांगायच्या परिस्थितीत नाही हे बघून तसेच दारात उभे राहिले.

बोर्ड नऊ खुंट्यांवर बसला. बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार. पंखा फिरत राहिला. पडद्यावर अक्षरं आली. यजमानांचा पाय जमिनीवरून उचलला गेला आणि तसाच हवेत राहिला. बाईंना वाटलं होतं, या क्षणी आपण ओरडू, टाळ्या वाजवू. प्रत्यक्षात त्या नुसत्या म्हणाल्या, "मेल्या, हेच दहा दिवसांपूर्वी केलं असतंस तर?"

अर्थात लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. आवाज येईना. घड्याळ तीन वर्षं मागे होतं. भरतकामाचा प्रोग्रॅम दोनदा अर्ध्यात थांबला. पण आता बाई एका वेळी एकच गोष्ट बदलत होत्या, आणि सासऱ्यांच्या वाचनात व्यत्यय आणायची कुणाची हिंमत नव्हती.

तीन आठवड्यांनी बाईंनी कारखान्याच्या नव्या मशीनवर आपलं पहिलं डिझाइन लावलं. एक पान, त्याला देठ. मशीननं पान सुरेख शिवलं आणि देठ पानाच्या टोकाला काढला.

"देठ उलट्या बाजूला आलाय," मॅनेजर म्हणाले.

"दिसतोय मला," बाई म्हणाल्या. "उद्या सरळ करून आणते."

दुसऱ्या दिवशी देठ जागेवर आला. मॅनेजरांनी कापड उजेडात धरून मागून-पुढून पाहिलं, बाहेरच्या माणसाला फोन करून "सध्या नको" म्हणून सांगितलं, आणि बाईंना विचारलं, "कॉलरवर बसेल असं काही जमेल का, सोमवारपर्यंत?"

"बघते," बाई म्हणाल्या. मनातल्या मनात त्यांनी निम्मं काढूनही ठेवलं होतं.

संध्याकाळी त्या लगबगीनं घरी आल्या. सासरे कंप्युटरसमोर बसले होते, दोन्ही हात पाठीमागे लपवून. पडद्यावरचं सगळं चित्र आडवं झालं होतं. अक्षरं खालून वर चढत होती, आणि सासरे मान खांद्यावर पाडून ती वाचायचा प्रयत्न करत होते.

"बाबा, काय दाबलंत?"

"मी? मी काही दाबलं नाही. ते आपोआपच झालं."

बाईंनी डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला, पर्स खाली ठेवली आणि खुर्ची ओढली.

"सरका जरा," त्या म्हणाल्या. "आणि ते पुस्तक आणा."