उंबऱ्यापुढचं पिवळं तेल

सुरतेच्या बमरोलीत आमच्या गल्लीत कुणालाही विचारायचं, पोरं न्हाऊ घालणारी अनुसया कुठं राहते, की माणूस हात धरून माझ्या दारात आणून सोडायचा. ती अनुसया मी. आता मला काय म्हणून ओळखतात ते तोंडावर सांगायची कुणाची छाती नाही, पण माघारी काय बोलतात ते मला चांगलं ठाऊक आहे. आणि हे सगळं कशापायी, तर एका मोटारीच्या बुचापायी. इंजिनाच्या बुडाला तेल सोडायचं भोक असतं, त्याला लावतात तो बोल्ट. अंगठ्याएवढा मेला.

मी परभणीकडची. मालक हजीऱ्याला बांधकामावर होते. ते गेले तशी मी बाळंतिणीची कामं धरली. बाई चोळायची, शेकायची, पोराला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं. गल्ली सगळी खानदेशची, घरात अहिराणी, कापडाच्या लूमवर हिंदी, दुकानात गुजराती. माझी बोली ऐकून बाया आधी हसायच्या. हसू द्या म्हटलं. प्लेगच्या साली अर्धं सुरत पळालं, तेव्हा मागं राहिलेल्या ओल्या बाळंतिणींना मीच हात दिला, आणि मग कुणी हसलं नाही. ही बुचाची भानगड झाली तेव्हा त्याला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती.

समोर धुडकूभाऊचं घर. पलसाण्याच्या एका मिलवाल्या शेठची फियाट तो चालवायचा. शेठला गाडी पहाटेच लागायची, म्हणून रात्री ती घरी आणायचा आणि नाक दाराकडं करून, अगदी उंबऱ्याला चिकटवून उभी करायचा, कुणी चाक काढून नेऊ नये म्हणून. त्याचा आणि त्याच्या बायकोचा, शोभाबाईचा, तोरा असा की गाडी शेठची नव्हेच, यांच्या वाडवडलांची. त्या श्रावणात त्यांची लेक जयश्री पहिल्या बाळंतपणाला आली होती. मुलगा झाला. मी रोज सकाळी त्याला न्हाऊ घालायला जायची, आणि शोभाबाई दारात उभी राहून कौतुकानं बघायची.

त्याच दिवसांत धुडकूनं गाडीचं ऑइल बदललं. जुन्या बुचाचे आटे झिजले होते. कंपनीचा बूच आणायचा सोडून यानं बाजारातून भलताच उचलून आणला, का तर त्याच्या टोकाला लोहचुंबक होतं. इंजिनातला लोखंडाचा कीस धरून ठेवतं म्हणे. गल्लीभर दाखवत हिंडला, माझी शिवणाची सुई उचलून दाखवली. पलीकडचा सुकलाल लूमवर यंत्रं दुरुस्त करणारा जॉबर आहे, रोज नटबोल्ट हाताळतो. तो म्हणाला, भाऊ, याचे आटे उथळ आहेत, हा नीट बसायचा नाही. धुडकू म्हणाला, दुकानदार बोलला, चालशे, म्हणजे चालेल. सुरतेत एकदा 'चालशे' म्हटलं की पुढं कुणाचं काही चालत नाही.

दोन दिवसांनी शोभाबाई सकाळी सडा टाकायला बाहेर आली. गाडी पहाटेच गेलेली. उंबऱ्यापुढं तळहाताएवढं तेल सांडलेलं. पिवळं, स्वच्छ, चकचकीत. बाईनं अशी बोंब ठोकली की लूमचा खडखडाट मागं पडला. दारात तेल ओतलं म्हणजे कुणीतरी करणी केली, दुसरा अर्थच नाही. त्यात येत्या रविवारी तिच्या घरी कानबाई बसायची होती. खानदेशी लोकांची ही देवी श्रावणात घरी येते, तिच्यासाठी घराचा कोपरान् कोपरा धुऊन ठेवतात, आणि इथं ऐन दारात तेल.

मी तेव्हा पोराला न्हाऊ घालायलाच निघाले होते. गर्दी बघून पुढं झाले. म्हटलं, अगं बायांनो, वास तरी घ्या, गोडं आहे की खोबरेल की आणखी कसलं, ते कळेल. मी खाली वाकले तर शेजारच्या रुक्मिणीनं दंडाला धरून मागं ओढलं. उताऱ्याला हात लावायचा नसतो, तो ओलांडायचा नसतो, वास घ्यायची तर गोष्टच सोडा. शोभाबाईनं लांबूनच राख फेकली, वर मीठ फेकलं, झाडलं आणि झाडू नेऊन नाल्यात टाकला. गाडीचं तेल असेल, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. लूमवाल्या लोकांनी यंत्राचं तेल पाहिलं ते काळंच. नवंकोरं ऑइल करडईच्या तेलासारखं पिवळं असतं, हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, तिसऱ्या दिवशी पुन्हा. धुडकू पहाटे अंधारात गाडी काढून मोकळा, आणि संध्याकाळी घरी आला की बायको त्याला करणीच्या गोष्टी सांगणार. तोही डोळे वटारून गल्लीकडं बघणार. स्वतःच्या गाडीखाली वाकून बघायची बुद्धी त्या ड्रायव्हरला एकदाही झाली नाही.

तेवढ्यात पोराचं पोट बिघडलं. हिरवं हगायला लागलं, रात्रभर रडायला लागलं. आता त्याची आई लोचोवर, म्हणजे सुरतेच्या त्या डाळीच्या मऊ खमणावर, तिखट चटणी ओतून वाट्यांवर वाट्या हाणते आणि तेच दूध पोराला पाजते, तर पोट बिघडेल नाहीतर काय होईल. मी दोनदा टोकलं होतं. पण दोष कुणावर? गल्लीत रोज तेलाची बाटली घेऊन घरोघर हिंडणारी बाई एकच. नवरा नाही, पोर नाही, मुलूख दुसरा. झालं, यांचं गणित सुटलं.

मी पायरीवर पाय ठेवला तर शोभाबाई दारात आडवी उभी. माझ्या बाटलीकडं बघत म्हणाली, "अनुसयाबाई, मना नातूले आते हात लावू नको."

कारण विचारलं तर म्हणाली, "तुले माहीत शे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथंच आवाज चढवला. म्हटलं, स्वच्छ बोल, मनात काय आहे ते बोल. तिनं दार लावून घेतलं. मागून कुणीतरी हळूच बोललं, डाकीण. वळून बघितलं तर सगळ्यांच्या माना खाली, जणू जमिनीत सोनं सापडणार होतं.

एकदा हा शब्द सुटला की तो कुणाच्या बापाला आवरत नाही. त्याच दुपारपासून घरं बंद व्हायला लागली. उद्यापासून नका येऊ, सासूच करते म्हणते. पोराला सर्दी आहे, बघू मग. किसनच्या सुनेनं तर मला येताना पाहून पोराच्या तोंडावर पदर ओढला. तेच पोर, ज्याची टाळू मी तेलानं भरली होती. मी तशीच माघारी आले आणि घरात भांडी आपटत बसले. दुसरं काय करणार होते? पोरं न्हाऊ घालण्याखेरीज मला काही येत नव्हतं, आणि ज्या बाईची नजर वाईट तिच्या पायावर कोण आपलं लेकरू टाकणार?

शनिवारी कळलं की धुडकू पोराला घेऊन व्याऱ्याच्या एका भगताकडं निघालाय. हा भगत पाण्यात बघतो आणि करणी करणाऱ्याचं नाव सांगतो म्हणे. नाव कुणाचं निघणार हे गाडीत बसायच्या आधीच ठरलेलं होतं. आणि भगतानं एकदा नाव घेतलं की मला गल्लीच काय, सुरतच सोडावी लागली असती. शेठ मुंबईला गेलेला, धुडकूनं त्याला न विचारता गाडी काढली. जयश्री मागं पोर घेऊन बसली, शोभाबाई नारळ घेऊन पुढं. मी दारातून ओरडले, जा, विचारून या, आणि नाव निघालं की इथं येऊन माझ्या तोंडावर सांगा. कुणी मान वळवली नाही.

दुपारच्या आत तिघं माघारी आले, कुठल्याशा टेम्पोत बसून. गाडी पलसाण्यालाच गचके खाऊन बंद पडली होती. इंजिन जाम. धुडकूचा चेहरा काळाठिक्कर. ओट्यावर बसून तो बूच मुठीत घेऊन ओरडत होता. तिथल्या मिस्त्रीनं गाडीखाली जाऊन बघितलं तर बूच एका आट्यावर लोंबत होता, आत तेलाचा थेंब नाही. मिस्त्री म्हणाला, आठवडाभर रोज गळत असणार, जिथं उभी राहील तिथं. तेल संपल्याचा लाल दिवा लागला होता, पण याला वाटलं वायरीची भानगड. धुडकूचं एकच चालू, आता शेठला काय सांगू, नोकरी गेली, त्या दुकानदाराचा मुडदा पाडला पाहिजे, माणसानं विश्वास तरी कुणावर ठेवायचा! सगळी गल्ली गोळा झाली होती, सगळे च्च च्च करत होते. बिचारा धुडकू. फसवला बिचाऱ्याला.

माझ्या डोक्यात आग गेली. मी गर्दीतून पुढं गेले आणि विचारलं, "धुडकूभाऊ, गाडी रात्री कुठं उभी असते?"

त्यानं उंबऱ्याकडं बोट दाखवलं.

मी त्याच्या उंबऱ्याजवळ गेले. सकाळचं तेल राखेखाली तसंच होतं. राख बाजूला सारून मी बोटभर तेल उचललं, रुक्मिणी ओरडली तरी उचललं, आणि त्याच्या नाकाशी धरलं. म्हटलं, तू ड्रायव्हर आहेस ना, सांग सगळ्यांना हे कसलं तेल.

त्यानं वास घेतला. मग खाली बघत बोलला, इंजिन ऑइल.

सगळ्यांनी ऐकलं. मी थांबले. वाटलं, आता कुणीतरी तोंड उघडेल. अनुसयाबाई, चुकलं आमचं. एवढेच तीन शब्द. सुकलाल विडी पेटवायला लागला. रुक्मिणीला चुलीवरचं दूध आठवलं. ज्या तोंडांना डाकीण म्हणताना लाज वाटली नाही, ती तोंडं शिवल्यागत झाली. आणि शोभाबाई, कपाळावर हात मारून नवऱ्याला म्हणाली, "पन नवाकोरा बूच आपोआप ढिला कसा व्हयना?"

असं म्हणून तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणजे आता बुचालाही माझीच नजर. तिथं थांबले असते तर हात उचलला असता. घरी येऊन दार लोटलं आणि भिंतीला टेकून बसले.

थोड्या वेळानं दार ढकलून जयश्री आत आली. एकटीच, पोराला घेऊन. तिनं मोरीशेजारी पाट मांडला, पाणी बादलीत ओतलं. मग म्हणाली, "मावशी, याची अंघोळ राहिलीय. मला नीट जमत नाही."

मला ओरडायचं होतं तिच्यावर. पण पोर माझ्याकडं बघून मुठी चोखत होतं. मी पाय पसरले, त्याला पायावर घेतलं. पाठ चोळली, पोट चोळलं, मांड्या चोळल्या. पोर सैलावलं, डोळे मिटायला लागलं. हातांना काम मिळालं तसं माझंही डोकं जरा थाऱ्यावर आलं. म्हटलं, एक तरी घर परत आलं.

मग डोक्यावर पाणी घातलं, आणि पोर रडलं. पोरं रडतातच, पाणी पडलं की सगळीच रडतात. पण दाराबाहेर धावती पावलं वाजली. शोभाबाई आत घुसली, ओलं पोर माझ्या पायावरनं हिसकलं, पदरात गुंडाळलं आणि माझ्यासमोरच त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. दृष्ट काढतात तशी. जयश्री आई, आई म्हणत राहिली. शोभाबाईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी उठले. बाटलीतलं उरलेलं तेल मोरीत ओतलं. जयश्रीला म्हटलं, "जा बाई. उद्यापासून येऊ नको."

नंतर एकदोघींनी बोलावणी पाठवली, चोरून, मागच्या दारानं. मी गेले नाही. पुढच्या दारानं बोलावलं असतं तर गेले असते का, तेही सांगता येत नाही. आता मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे घरी येतात, त्यांचे लोंबते धागे कापत बसते. डोळे चुरचुरतात, पाठ भरून येते. पण साडीला कुणाची नजर लागत नाही.