बुडालेली मजुरी

कुंदाबाई पापडांसाठी आर्णीला गेल्या होत्या. वणीत अंगणात वाळवण घातलं की संध्याकाळपर्यंत पापडांवर कोळसा बसतो, म्हणून दर उन्हाळ्यात त्या उडदाचं पीठ घेऊन बहिणीकडे जात. घरी वामनराव आणि मधुवंती, बापलेक दोघंच. वरण फार पातळ झालं. न्यायालयात नाझर म्हणून जन्म काढलेल्या वामनरावांनी त्याला "सरकारी वरण" म्हटलं आणि वाटी तोंडाला लावली.

मधुवंती नागपूरच्या एका अभ्यास संस्थेत अर्थशास्त्राचं काम करायची. कोळशाच्या धुळीसाठी नवे नियम येऊ घातले होते. ट्रक पूर्ण झाकायचे, गावालगतचे कोळशाचे ढीग हलवायचे, रस्ता रोज धुवायचा. यात कोणाचं किती नुकसान, कोणाचा किती फायदा, ते मोजायचं काम तिच्याकडे आलं होतं. त्यासाठीच तिनं दुपारी खेमसिंगला बोलावलं होतं. तांड्यावरचा माणूस, कापसाला भाव उरला नाही तेव्हा शेत धाकट्या भावाकडे सोपवून कोळशाच्या ट्रकवर चढलेला.

"ताडपत्री बांधाले टाइम जाते ताई, सोडाले तेवढाच," तो म्हणाला. "एक खेप गेलीच समजा. मालक पैसे देते खेपेवर. मंग बांधते कोन?"

"अन् उघडा कोळसा तुझ्याच कापसावर जाऊन बसतो, त्याचं काय रे?" वामनरावांनी विचारलं.

"बसते ना साहेब! व्यापारी म्हनते, कापूस आनला का उडीद? कापसानं पोट भरत नाई म्हून ट्रक, अन् ट्रकनं कापूस काया. आमचे आजे बैलावर मीठ वाहत. त्या मिठानं कोनाले खोकला नाई लागला."

वामनराव हसले, आणि हसता हसता त्यांनाच खोकला लागला. तो लवकर थांबेना. खेमसिंग कपातल्या चहाकडे बघत राहिला.

"पित्त आहे," वामनराव अखेर म्हणाले.

घरात त्या खोकल्याला पित्तच म्हणत. घर कोळशाच्या रस्त्याला लागून होतं. खोकल्याला दुसरं नाव दिलं असतं तर घर सोडावं लागलं असतं, आणि असलं घर विकत घेणार कोण?

खेमसिंग गेल्यावर वामनराव म्हणाले, "मधू, मला कुठे बसवलंस तुझ्या गणितात?"

"आजाराचं नुकसान बुडालेल्या मजुरीवरून काढतात, बाबा. तुम्ही तर निवृत्त."

"म्हणजे मी फुकटच खोकून राह्यलो!"

दोघंही हसली. बाबा, हे पित्त नाही, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात त्यांनी चहा मागितला आणि ती उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा श्वास अडकला. दवाखान्याच्या दारातच सगळं संपलं. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आर्णीहून परतलेल्या कुंदाबाई सांगत, "पित्ताचा त्रास होता हो." मधुवंती पाण्याचे पेले भरत राहिली.

काम सोडावं असं तिला वाटलं. पण दुसरा येईल तोही मजुरीच मोजेल. शिवाय आकडे खोटे नव्हते. नियम आले तर खेमसिंगची खेप बुडणार, मालकाची नाही. नाही आले तर धूळ आहेच. आणि मोजणाऱ्यानं स्वतःच्या घरातलं नुकसान पुढे केलं की त्याचं सगळं मोजमाप बाद होतं, ही त्या कामाची पहिलीच अट. सगळ्या बाजूंनी भिंत होती. तिनं अहवाल होता तसाच, बाबांचा उल्लेख न करता दिला.

नव्या नियमांवरच्या जनसुनावणीला सभागृह भरलं होतं. ट्रकवाले पुढे होते. शेजारणींबरोबर आलेल्या कुंदाबाई भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मधुवंतीनं खर्च वाचून दाखवला आणि ट्रकमालक किसनराव उभे राहिले.

"बाईनं खर्च बराबर सांगतला. आता धुळीनं मेला असा एक मानूस दाखवा. जास्त नाई मांगत. एक नाव सांगा!"

मागे कोणीतरी शिटी मारली, हशा पिकला. खेमसिंग हसला नाही. मान खाली घालून बसला.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, अशी काही नोंद आहे?"

"नोंद नाही," ती म्हणाली.

किसनराव समाधानानं खाली बसू लागले. मधुवंती मात्र बसली नाही. बोललं तर अहवाल गेला, कदाचित नोकरीही. आणि आईचा शब्द साऱ्या गावासमोर खोटा पडणार. तिनं भिंतीकडे पाहिलं. कुंदाबाईंनी पदर तोंडाशी घट्ट धरला होता आणि मान हलवून त्या नको म्हणत होत्या.

"नाव आहे," मधुवंती म्हणाली. "वामनराव. माझे वडील. माझं मोजमाप बाद धरा, हरकत नाही." मग अधिकाऱ्यांकडे पाठ करून ती भिंतीकडे वळली. "आई, बाबा या धुळीनं गेले. आपल्या तिघांनाही माहीत होतं."