न केलेल्या दौऱ्याचा अहवाल

“अण्णा, नेहमीप्रमाणे,” म्हणत साहेबांनी फाइल टेबलावर टाकली आणि खुर्ची ओढून बसले. नाक उन्हाने सोललेलं, अंगावर नवाकोरा शर्ट. पाच दिवसांचा अभ्यासदौरा करून ते परतले होते. अभ्यासाचा विषय कचरा प्रक्रिया प्रकल्प. गाव मात्र समुद्रकाठचं. कचेरीत त्यांना दौरेसाहेब म्हणत ते काही उगीच नाही.

“प्रकल्प कसा होता?” अण्णांनी विचारलं.

“बाहेरूनच पाहिला रे. वास केवढा! पण हॉटेल काय होतं! खिडकी उघडली की समोर समुद्र.” दौरेसाहेबांनी खिशातून प्रकल्पाचं चुरगळलेलं माहितीपत्रक काढलं. “यातून लिही दहा पानं. अहवाल जोडल्याशिवाय बिल निघत नाही, हे तुला मी काय सांगायचं.”

खरंच सांगायला नको होतं. नगरपालिकेतली प्रवासाची बिलं गेली बावीस वर्षं अण्णांच्याच हातून जात होती. दोघं एकाच दिवशी, एकाच पदावर चिकटले होते. दौरेसाहेब पुढे परीक्षा देऊन, आणि परीक्षेत न बसणाऱ्या काही गोष्टी करून, वर चढले. अण्णा खुर्चीतच राहिले. बढती मिळाली ती खुर्चीला. मध्ये एकदा तिला नवी वेताची बैठक बसवली होती.

अण्णांचा जळफळाट झाला. लोकांच्या कराचा पैसा असा उधळला जातो याचं त्यांना वाईट वाटत नसे असं नाही. पण त्यातली एकही उधळण आपल्या वाट्याला आली नाही, याचं जास्त वाटे. त्यांनी समुद्र पाहिला होता तो फक्त हॉटेलांच्या बिलांवर छापलेला.

“त्या गाढवाला पाच दिवस समुद्र!” घरी येऊन ते बायकोवर उखडले. “आणि सांगतो काय, तर खिडकी उघडली की समोर!”

“मग काय मागच्या बाजूला हवा होता?” बायको भाजी निवडत म्हणाली. “आणि तुम्ही कशाला लिहून देता त्याला? हात दुखतो म्हणायचं.”

“मी नाही लिहिलं तर दुसरा कुणी लिहील.”

“तुमच्यासारखं लिहील?”

खरी मेख तिथेच होती. त्यांना ते लिहायला आवडत होतं.

त्या अहवालात तर त्यांनी जीव ओतला. आकडे माहितीपत्रकातले घेतले, बाकीचं मनाने पाहिलं. कचरा वेगळा करणाऱ्या बायकांचे रबरी हातमोजे आधी अंगठ्यापाशी फाटतात. काम संपल्यावर त्या समुद्राकडे तोंड केलेल्या एका बाकावर ओळीने बसतात आणि पाच मिनिटं कुणी कुणाशी बोलत नाही. खाली सही दौरेसाहेबांची. बिल मंजूर झालं.

दीड महिन्याने मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत बोलावणं आलं. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने अर्ज केला होता: अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांवर किती खर्च झाला आणि गावाला त्यातून काय मिळालं, ते कागद दाखवा. बाई अहवाल वाचत बसल्या होत्या, शेजारी दौरेसाहेब. अण्णा फाइलींचा गठ्ठा घेऊन उभे राहिले.

“मी भांडायच्या तयारीनेच आले होते,” बाई म्हणाल्या. “बाकीच्यांचे दौरे म्हणजे सहली, ते दिसतंच आहे. पण हा अहवाल! मोजे अंगठ्यापाशी फाटतात, हे जाऊन पाहिलेल्यालाच कळणार. आणि तो बायकांचा बाक! या दौऱ्याचे पैसे वसूल झाले बघा.”

दौरेसाहेब लाजल्यासारखं हसले. “बाई, पाहायची नजर लागते. बाकी काही नाही.”

अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॉटेल याचं, समुद्र याचा, बढती याची. आता नजरसुद्धा याचीच? निवृत्तीला चौदा महिने उरले होते. गप्प राहिलं तर पेन्शन सुखाने सुरू होणार होती. तोंड उघडलं तर चौकशी.

“ते मी लिहिलंय,” अण्णा म्हणाले.

“म्हणजे टाइप केलंत?” बाईंनी विचारलं.

“नाही, सगळं मीच लिहिलंय. मोजे माझे, बाक माझा.”

“मग तुम्हीही गेला होतात?”

“मी कुठेच गेलो नाही, बाई. आणि हेही आत गेले नव्हते.”

दौरेसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. तो पाहून अण्णांना इतका आनंद झाला की त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण बाईंनी चष्मा काढून पाहिलं ते अण्णांकडे.

“म्हणजे तो बाक तिथे नाहीच?”

“असेलही. मला ठाऊक नाही.”

“यांचे आणखी किती अहवाल लिहिलेत?”

“सगळेच.”

“तुम्ही लिहिले नसतेत तर ही बिलं निघाली असती?”

घरी बायकोला दिलेलं उत्तर अण्णांच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि मान हलवली. नाही.

मुख्याधिकाऱ्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. “झालं ते लिहून द्या.”

अण्णांनी उभ्यानेच लिहिलं. इतकी वर्षं ते कागदाच्या कोपऱ्यात सहीची दोन अक्षरं खरडून मोकळे होत. आज त्यांनी आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सावकाश, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं. चौदा महिन्यांचं काय होणार ते त्यांना कळत होतं.

कागद देताना त्यांचा हात अडला.

“अहवालाची आणि याची एकेक झेरॉक्स मिळेल का?” त्यांनी विचारलं. “घरी हिला वाचायला देतो.”